कलिंगडाच्या गाडीवरचा भोंगा

माझ्या भावाचं नाक आमच्या नाईलकाठच्या नझलत अल-तूत गावात बदनाम आहे. लमई सरकारी शाळेत वरच्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकवतो आणि शुक्रवारच्या सुट्टीत चर्चमध्ये शमास, म्हणजे विधीतला सेवक, म्हणून वेदीपाशी उभा राहतो. मिस्सा सुरू होण्याआधी अबूना, म्हणजे आमचे पाद्री, द्राक्षारसाची कुपी हुंगतात, मग ती शमासांपुढे धरतात. शमासांनीही हुंगायची आणि म्हणायचं, ‘चांगला आणि मौल्यवान.’ रस आंबून सिरका झाला असेल तर तो वेदीवर चालत नाही, म्हणून ही रीत. खरं सांगायचं तर बहुतेक शमास कुपी नाकाशी यायच्या आधीच ‘चांगला आणि मौल्यवान’ म्हणून मोकळे होतात.

लमई तसा नाही. तो डोळे मिटतो, श्वास घेतो, थांबतो, पुन्हा घेतो. इकडे आम्ही बायका चुळबुळायला लागतो. एका झावळ्यांच्या रविवारी तर त्याने कमालच केली. चर्च खचाखच भरलेलं, पोरांच्या हातात झावळ्या, उकाड्याने जीव नकोसा झालेला, आणि हा म्हणतो, ‘अबूना, आंबलाय.’ दुसरी कुपी शेजारच्या गावाहून मोटारसायकलवर येईपर्यंत सगळं गाव ताटकळत उभं. तेव्हापासून पोरं त्याला बघून नाक चिमटीत धरतात.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं होतं. “एक दिवस आंबट चाललं नसतं? देवाला काय चव लागते?”

“ताई, मला विचारलं होतं कसा आहे. जसा होता तसा सांगितला.”

असा हा माझा भाऊ. त्याची बायको गेली तेव्हा तीना एवढीशी होती. मी लग्न केलं नव्हतं, शमासांचे पांढरे झगे शिवून पोट भरत होते, ते शिवणयंत्र उचलून याच्या घरी आणलं आणि पोरीला वाढवलं. तिचं खरं नाव यूस्तीना. तिला डॉक्टर व्हायचंय. आमच्याकडे बारावीच्या सरकारी परीक्षेत अर्ध्या गुणाने वैद्यकीयची जागा जाते आणि त्या अर्ध्या गुणाशी आयुष्यभर संसार करावा लागतो. वर्षभर ती पोर पुस्तकावर झोपली, पुस्तकावर उठली. म्हणून त्या उन्हाळ्यात जे झालं त्यात मी कुणाच्या बाजूची होते हे आधीच सांगून टाकते. मी भोंग्याच्या बाजूची होते.

भोंगा हाज बदावींचा. आमचे मुसलमान शेजारी, सज्जन माणूस, छोट्या टेम्पोतून कलिंगडं विकतात. टेम्पोच्या टपावर त्यांचा भोंगा, आणि त्यावर त्यांचा आवाज पार नाईलच्या पलीकडे जातो असं म्हणतात. त्यांचा मुलगा करम तीनाच्याच वर्गात. पोरगा गोड आहे, पण डोक्यात कलिंगडाचं पाणी. परीक्षेची रीत आमच्या भागात आता अशी पडलीय की पेपर वाटला की कुणीतरी त्याचा फोटो बाहेर काढतो, बाहेर कुणी जाणता सोडवतो आणि शाळेच्या भिंतीपाशी भोंग्यावर उत्तरं वाचली जातात. आतले पर्यवेक्षक बाहेरगावचे, त्यांना धड परत जायचं असतं, ते खिडकीबाहेर बघत बसतात. पोलीस येतो, चहा घेतो. मागच्या वर्षी पलीकडच्या गावातली सगळी पोरं एकदम हुशार निघाली ती अशी.

पदार्थविज्ञानाच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी हाज बदावी एक मोठं कलिंगड घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

“उस्ताद लमई, उद्या तुमचंच राज्य. फोटो मी पाठवतो, उत्तरं तुम्ही सांगा, घसा माझा.”

“हाज, कलिंगड फार छान आहे,” लमई म्हणाला. “पैसे घेणार असाल तर ठेवतो.”

“घ्या! म्हणजे नाही म्हणताय?” हाज खाली बसले. “अहो, साऱ्या प्रांतात हेच चाललंय. आपलीच पोरं काय उपाशी ठेवायची? तुमच्या मसीहाने पाच हजारांना भाकरी वाटल्या. कुणी किती राबलं ते विचारलं होतं का त्याने?”

मला हसू फुटलं. माणसाने मुद्दा तर नेमका काढला होता.

“भाकरी वाटल्या, हाज. परीक्षेतली उत्तरं नाही वाटली.”

“बरं, देशाची काळजी वाटते तुम्हाला. देशाला आपली वाटते का?”

“देशाचं नाही म्हणत मी. उद्या हीच पोरं पूल बांधतील, कुणाच्या पोटावर सुरी ठेवतील. त्या टेबलावर तुम्ही असाल, मी असेन. तिथे भोंगा नसतो.”

“अहो, करम कुठला सुरी ठेवतोय!” हाज कळवळून म्हणाले. “त्याला नुसता पास करा, तो माझ्यासारखी कलिंगडंच कापेल!”

लमईसुद्धा हसला. पण हाज उठताना हसत नव्हते. दारात थांबून हळू आवाजात म्हणाले, “उस्ताद, मी तुम्हाला ओळखतो. पण बाकीचे म्हणतील, या लोकांना आपली पोरं पुढे गेलेली बघवत नाहीत. मला ते ऐकायचं नाहीये.”

ते गेल्यावर अबूना सरबामून यांचा फोन आला. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. कर असं ते म्हणाले नाहीत, करू नको असंही म्हणाले नाहीत. ‘गावात कटुता नको, बाळा,’ एवढंच तीन-तीनदा म्हणाले आणि आशीर्वाद देऊन फोन ठेवला.

जेवायला बसलो. उपासाचे दिवस, फूल म्हणजे शिजवलेले वाल, आणि तेल. तीनाने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

“बाबा, उद्या तुम्ही सांगणार आहात?”

लमईने आपली भाकरी तेलात बुडवली.

“मी सांगा म्हणत नाही. नका सांगू असंही म्हणत नाही. पण पलीकडच्या गावातली पोरं पुस्तक न उघडता माझ्यापुढे जाणार, हे मला माहीत आहे. मी वर्षभर काय केलं मग?”

“अभ्यास केलास,” तो म्हणाला.

“हे उत्तर नाही झालं, बाबा.”

खरंच नव्हतं झालं. मी म्हटलं, “लमई, पोरीला सांग काहीतरी. हो तर हो, नाही तर नाही.” तो उठला, हात धुतले आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. चर्चमधल्या पोरांच्या वर्गात हाच माणूस तासभर बोलतो, की देवाने सृष्टीचे नियम कुणाचं तोंड बघून केले नाहीत, विजेची तार गरिबालाही तेवढाच झटका देते आणि बड्या पाशालाही, आणि हे ज्याला कळलं त्याला अर्धी प्रार्थना कळली. पोटच्या पोरीपुढे मात्र त्याच्या तोंडात मिठाची गुळणी. मला इतका राग आला की त्या कलिंगडाला मी सुरी लावली नाही.

सकाळी तीनाने तिच्या आईचा छोटा क्रूस गळ्यात घातला. पेन तपासलं तर शाई झिरपत होती. लमईने आपल्या खिशातलं पेन काढून तिला दिलं. तिने त्याच्याकडे बघितलं, अजून काही बोलतो का म्हणून. तो म्हणाला, “प्रश्न नीट वाच.” झालं.

शाळा आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. ज्याचं लेकरू परीक्षेला बसलंय त्या शिक्षकाला त्या दिवशी काम देत नाहीत, त्यामुळे लमई घरीच. मी शिवणयंत्राशी बसले, झग्याची बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होता. माझ्या फोनवर टुणकन आवाज आला. हाजने पेपराचा फोटो पाठवला होता, मला. बाप ऐकत नसेल तर आत्या ऐकेल हे त्या माणसाने बरोबर ओळखलं होतं.

मी फोन लमईच्या नाकापुढे धरला. “नुसता बघ तरी.”

“ताई, तो फोन बाजूला घे.”

“कशात पास व्हायचं तुला? सत्यात? पोरगी जळतेय तिकडे. वाईट करतोयस तिचं, दुसऱ्या कुणाचं नाही!”

त्याने बघितलं. गवयाच्या कानावर सूर पडला की तो ऐकल्यावाचून राहील का? तशी लमईची नजर प्रश्नांवरून सरकायला लागली, ओठ हलायला लागले. त्याचा उजवा हात छातीवरच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. हात तिथेच राहिला, मग खाली आला. मी पेन शोधायला उठले, तेवढ्यात भोंगा किंचाळला.

हाजना दुसरा जाणता सापडला होता. शिकवण्या घेणारे उस्ताद शौकी टेम्पोत बसून सोडवत होते आणि हाज आपल्या कलिंगडाच्या सुरात ओरडत होते, “प्रश्न दुसरा, ड! गोड निघालं, ड! प्रश्न तिसरा, अ!” लमई डोळे मिटून ऐकत होता आणि प्रत्येक उत्तरावर नकळत मान हलवत होता. सगळी बरोबर होती तर. मला वाटलं, सुटलो. याच्या हाताला डाग नाही आणि पोरीचं नुकसान नाही. मी कपाळावर बोटाने क्रूसाची खूण केली.

“प्रश्न सातवा, ब! बदावीतला ब!”

लमईची मान थांबली. त्याने माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

“चुकलं,” तो म्हणाला. “शौकी चुकला.”

सातवा प्रश्न मलाही कळला, कारण तो मी आमच्या जत्रेत शिकले होते. तांबडा उजेड एका धातूवर पाडला, त्यातून कण उडाले नाहीत. आता तोच तांबडा उजेड खूप प्रखर केला, तर काय होईल? शौकींचं उत्तर होतं, भरपूर कण उडतील. तीना लहान असताना संताच्या जत्रेत हातोड्याचा खेळ असायचा. जोराने हातोडा मारला की गोटी वर जाऊन घंटा वाजते. लमईने गल्लीतली सगळी पोरं गोळा केली आणि एकामागून एक चापट्या मारायला लावल्या. एकदाही घंटा वाजली नाही. तो तीनाला म्हणाला, ‘बघ, शंभर हलक्या चापट्या मिळून एक घाव होत नाही. तांबडा उजेड म्हणजे हलक्या चापट्या. कितीही वाढव, घंटा वाजणार नाही.’ ती पोर हे झोपेतही सांगेल.

भोंगा पुन्हा म्हणाला, “सातवा, ब! सगळ्यांनी ब करा रे!”

लमईने चपला घातल्या. एक उलटी घातली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मी मागे धावले. माझ्या मनात एकच, देवा, हा आता माइक घेईल आणि खरं उत्तर सांगेल, कारण चुकीचं उत्तर याला सहन होत नाही. चांगुलपणामुळे नाही तर नाकामुळे तरी करील!

शाळेच्या भिंतीपाशी सगळं गाव जमलेलं. मुसलमान बाया भिंतीच्या सावलीत जपमाळा ओढत होत्या, आमच्या बाया क्रूस धरून, आणि सगळ्यांचे कान भोंग्याकडे. लमईला बघताच हाजचा चेहरा उजळला. “आले! उस्ताद आले! वाट द्या!” त्यांनी स्वतः हात देऊन त्याला टेम्पोवर चढवलं आणि माइक त्याच्या हातात दिला.

लमईने माइक तोंडाशी धरला. मी त्याच्याकडे बघत होते. तो चर्चमध्ये कुपी हुंगताना उभा राहतो तसाच उभा होता, डोळे मिटून. कुणीतरी ओरडलं, “सांगा की!”

“मुलांनो,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज आमच्या छपरांवरून फिरून परत आला. “मी उस्ताद लमई. आत्तापर्यंत जे ऐकलंत ते माझं नाही. मी तपासलेलं नाही, त्याची हमी मी देत नाही. ज्याला जे कळलंय ते त्याने लिहावं.”

मग त्याने वायर उपटली.

आणि जो गलका झाला! शौकी म्हणाले, “मला खोटं पाडतोस?” एका बाईने मूठभर माती फेकली. कुणाचा तरी हात लागून लमईचा चष्मा खाली पडला. हाज बदावी मध्ये पडले, दोन्ही हात पसरून, आणि पहिल्यांदा मी त्यांचा आवाज भोंग्याशिवाय ऐकला. “हात लावायचा नाही! माझ्या टेम्पोवर उभाय तो, माझा पाहुणा आहे!” मग लमईकडे वळून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “मी तुम्हाला वर चढवलं, उस्ताद. मी स्वतःच्या हाताने चढवलं.” ते शब्द त्या मातीपेक्षा जास्त लागले.

मी चष्मा उचलला. एक काच तडकली होती. घरी जाताना मी भावाला वाट्टेल ते बोलले. माइक हातात होता, खरं उत्तर तोंडात होतं, पोरगी आत होती, आणि हा म्हणतो माझं नाही! तो तडकलेला चष्मा डोळ्यांवर चढवून चालत राहिला.

पेपर सुटल्यावर तीना आली. मी दारातच विचारलं, “सातव्याचं काय लिहिलंस?”

“ब,” ती म्हणाली.

लमई खुर्चीवरून अर्धा उठला होता, तो तसाच खाली बसला. “तीना, हातोडा...”

“आठवत होता हातोडा. पेपरावर मी आधी बरोबर उत्तरावर खूण केली होती. उत्तरपत्रिकेवरचे गोल शेवटी काळे करणार होते. मग भोंगा सुरू झाला. माझी सगळी उत्तरं जुळत होती, एकूण एक. म्हटलं, बाबाच सांगताहेत. दुसऱ्या कुणाची इतकी बरोबर येतील? मग सातवं वेगळं आलं. मी म्हटलं, मीच काहीतरी विसरतेय, बाबा चुकायचे नाहीत. मी ब काळा केला. त्यानंतर तुमचा आवाज आला. काळा केलेला गोल पुसता येत नाही, बाबा.”

ती चपला न काढता उभी होती.

“त्याचं एवढं वाईट नाही वाटत मला,” ती म्हणाली. “वाईट याचं वाटतं की तो गोल काळा करताना मला आनंद झाला होता. मला वाटलं, माझ्यासाठी केलं बाबांनी. जगात कुणासाठी करणार नाहीत ते माझ्यासाठी केलं. काल का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं ना? एक शब्द ‘नाही’ म्हणाला असतात तर मी कान बंद करून बसले असते.”

मी लमईकडे बघितलं. मला वाटलं आता तत्त्व निघणार, वचन निघणार. त्याने तडकलेला चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“काल मलाच माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “सकाळीही नव्हतं. आत्याने पेपर पुढे धरला तेव्हा माझा हात पेनाकडे गेला होता. पेन तुझ्याकडे होतं.”

तीना त्याच्याकडे बघत राहिली. मग ती खाली जमिनीवर बसली, त्याच्या गुडघ्याला डोकं टेकलं आणि ढसाढसा रडली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ते कलिंगड कापलं, कारण मलाही कुठेतरी जायलाच हवं होतं.

दोन दिवस आमच्याशी कुणी बोललं नाही. भाकरीवाल्याने भाकऱ्या दिल्या, पण सलाम घेतला नाही. शुक्रवारी अबूनांनी कुपी पुढे धरली तेव्हा लमईने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मागे कुणीतरी खाकरलं. “चांगला आणि मौल्यवान,” तो शेवटी म्हणाला, आणि माझी खात्री आहे, त्या दिवशी तो रसाबद्दल अगदी निश्चिंत होता, स्वतःबद्दल नव्हता.

रसायनाच्या पेपराच्या सकाळी हाज बदावींनी वायर चिकटपट्टीने जोडल्याचं मी खिडकीतून पाहिलं. तीनाने माझ्याकडे कापूस मागितला. मी दोन बोळे करून दिले, ते तिने ओढणीच्या टोकाला बांधले. मग ती बाबांपुढे जाऊन उभी राहिली. खिशातून त्याचं ते पेन काढलं आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशाला स्वतःच्या हाताने अडकवलं.

“मी नवीन घेतलंय,” ती म्हणाली. “हे आज तुमच्याकडे असू दे.”

ती गेली. थोड्या वेळाने माझा फोन टुणकन वाजला. मी तो उचलून पालथा घातला, आणि मग त्यावर शिवायचा झगा ठेवला. दोन गल्ल्यांपलीकडे भोंगा खरखरला, हाजनी घसा साफ केला. लमई खुर्चीत बसला होता. त्याचा एक पाय सारखा हलत होता, थांबवला की पुन्हा हलत होता. पेन खिशात होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर होते, घट्ट.